बाटली टिकते, हात सोलवटतात

काही वर्षांपूर्वीची रमजान ईद. नेहमीप्रमाणे मी थोरल्या बहिणीकडे, आपाकडे, गेलो होतो. आपाच्या घरी शिरखुर्मा आपाच वाढते. पळीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी मात्र सून वाढत होती आणि आपा पदरात हात गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. हातांवर मेंदीही नव्हती. जवळ जाऊन पाहिलं, तर बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, तळहाताची साल निघालेली, पेरांवर चिरा.

“वजू करताना पाणी लागलं की आग होते बघ,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “परवा शेजारणीनं माझ्या हातचा चहा घेतला नाही रे. खरूज आहे म्हणते.”

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण आपाच्या त्या हातांनी मला पुन्हा विद्यार्थी केलं. एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं, काही मी वाचलं. त्यातलं जे प्रत्येक घराच्या उपयोगाचं आहे, तेवढं आज सांगतो.

आधी आपानं काय काय केलं ते ऐका. कुणी सांगितलं, अंगात उष्णता वाढली आहे. वांगं बंद झालं. कुणी म्हणालं, मासळी बाधते. मासळी बंद झाली. रक्तशुद्धीची बाटली झाली. औषधांच्या दुकानातून एक मलम आणलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. भाचीनं प्रेमानं शहरातून हातांना लावायचं मऊ क्रीम पाठवलं, तर त्रास आणखी वाढला. ईदच्या आधी घराला रंग दिला होता, तेव्हा तर पापण्याही सुजल्या. वर्षभर हे चाललं. शेवटी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “भांडी कशानं घासता?”

आता या प्रश्नाचं महत्त्व कळण्यासाठी लोणच्याच्या बरणीकडे चला. आपल्या घरोघरच्या आज्यांचा एक नियम होता: बरणीत ओला चमचा घालायचा नाही. पाण्याचा थेंब गेला की बुरशी आली. मीठ, तेलाचा थर आणि कोरडेपणा यांवर लोणचं वर्षभर टिकायचं. जिथे पाणी तिथे जंतू, हे शास्त्र आज्यांना ठाऊक होतं.

तोच नियम न्हाणीघरातल्या आणि मोरीवरच्या वस्तूंना लावून पाहा. पूर्वी भांडी राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं घासत. मग पावडर आली, वडी आली. डोक्याला खोबरेल होतं. राखेत पाणी नाही, तेलात पाणी नाही, साबणाच्या वडीत फार थोडं. त्यात जंतू वाढण्याची भीती कमी. मग आपल्या घरात द्रव वस्तू आल्या: भांड्यांचं लिक्विड, हात धुण्याचं लिक्विड, शाम्पू, लोशन, फरशी पुसायचं द्रव, बाळाला पुसायचे ओले रुमाल, पाण्यात कालवलेले भिंतीचे रंग. या साऱ्यांत पाणी असतं. ते महिनोन्‌महिने दुकानात आणि घरात टिकायला हवं, म्हणून त्यात जंतुनाशक रसायन अगदी थोडं घालतात. त्याला परिरक्षक म्हणायचं, बोलीभाषेत प्रिझर्व्हेटिव्ह.

परिरक्षक हा खलनायक आहे असं मात्र समजू नका. त्याच्याशिवाय पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू पोसले जातील आणि ते डोळ्यात किंवा जखमेत गेले तर मोठाच अनर्थ व्हायचा. बहुसंख्य लोकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. पण काहींची त्वचा त्यातल्या एखाद्या रसायनाला शत्रू ठरवते, आणि एकदा ठरवलं की सहसा आयुष्यभर विसरत नाही.

हे घडतं कसं? ही रसायनं इतक्या लहान कणांची असतात की त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. त्वचेत पहारेकरी पेशी असतात. पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं १८६८ साली त्या प्रथम पाहिल्या, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. या पेशी त्या परक्याची खबर जवळच्या लसिका-गाठीपर्यंत पोहोचवतात. तिथे त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात. या तयारीला निदान दहा-पंधरा दिवस लागतात. कधी एखादी वस्तू वर्षानुवर्षं वापरल्यानंतर ही ओळख पटते. म्हणून “इतकी वर्षं वापरतेय, तेव्हा कुठे काय झालं?” हा युक्तिवाद इथे चालत नाही.

ओळख पटल्यानंतरही पुरळ लगेच उठत नाही. ते दिसायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. घोटाळा इथेच होतो. सोमवारी हात लिक्विडमध्ये बुडाले, बुधवारी खाज सुटली आणि मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर आळ आला! आपानं वर्षभर मासळी सोडली आणि दिवसातून तीनदा त्याच फेसात हात घालत राहिली.

आपल्या गोष्टीतल्या रसायनाचं नाव मिथाइलआयसोथायझोलिनोन. डॉक्टर मंडळी त्याला एमआय म्हणतात. त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९८०च्या सुमारास त्याचं आणि त्याच्या क्लोरीनयुक्त भावंडाचं मिश्रण युरोपात सौंदर्यप्रसाधनांत वापरात आलं. काही वर्षांतच अॅलर्जीचे रुग्ण वाढले. मग मिश्रणाचं प्रमाण दहा लाख भागांत १५ भाग इतकं खाली आणलं. दोष मुख्यतः क्लोरीनवाल्या भावंडाचा, दुसरं सौम्य, असा समज होता. म्हणून २००५ साली युरोपीय संघानं एकट्या एमआयला परवानगी दिली. पण ते जंतूंपुढेही सौम्यच पडतं, म्हणून प्रमाण वाढवून दहा लाखांत १०० भागांपर्यंत नेलं. शंभर भाग म्हणजे किती? दहा लिटरच्या बादलीत एक ग्रॅम. चिमूटभरच. त्याच सुमारास पॅराबेन या जुन्या परिरक्षकाविषयी लोकांच्या मनात भीती बसली होती, त्यामुळे पर्याय म्हणून एमआयचा वापर आणखी वाढला.

त्या चिमटीनं युरोपभर साथीसारखी अॅलर्जी आली. २०१३ साली अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं एमआयला ‘वर्षातलं अॅलर्जीकारक’ ठरवलं. २०१४ साली ‘पेडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा मुलांची हकीकत आली. त्यांच्या पुरळांना आधी एक्झिमा, इम्पेटिगो, सोरायसिस अशी नावं दिली गेली होती. कारण निघालं ओले रुमाल. ते बंद केले आणि मुलं बरी झाली. अखेर युरोपीय संघानं लावून तशाच ठेवायच्या, म्हणजे क्रीम-लोशनसारख्या वस्तूंत एमआयला बंदी केली. ती २०१७ साली लागू झाली. धुऊन टाकायच्या वस्तूंत, म्हणजे शाम्पूसारख्यांत, पुढच्या वर्षापासून १५ भागांची मर्यादा आली. आणि गंमत पाहा, ज्या पॅराबेनला घाबरून लोक पळाले, त्याला त्याच अमेरिकी संस्थेनं २०१९ साली ‘वर्षातलं अॅलर्जी न करणारं’ असं नाव दिलं, इतकी त्याची अॅलर्जी विरळ! ‘पॅराबेनमुक्त’ अशी मोठी अक्षरं पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपाची पॅच टेस्ट झाली. ही चाचणी नवी नाही. योजेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञानं १८९५ साली ती मांडली. पाठीवर छोट्या चकत्यांतून संशयित रसायनं चिकटवतात. सोमवारी चिकटवली तर बुधवारी काढतात, आणि लगेच पाहून पुन्हा शुक्रवारी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, फार घाम येऊ द्यायचा नाही. सुई नाही, रक्त नाही. शुक्रवारी आपाच्या पाठीवर एकाच जागी लाल, किंचित फोडांचा ठिपका उठला होता. एमआयचा. भांड्यांच्या लिक्विडनं सुरुवात केली होती, भाचीच्या क्रीमनं तेल ओतलं होतं आणि ओल्या रंगातून हवेत उडालेल्या त्याच द्रव्यानं पापण्या सुजवल्या होत्या.

उपचार साधा निघाला. लिक्विडऐवजी वडी. क्रीमऐवजी पेट्रोलियम जेली, कारण तिच्यात पाणीच नाही. काही दिवस डॉक्टरांनी दिलेलं मलम, त्यांनी सांगितलं तितकंच. दोन महिन्यांत हात निवळले.

आता घरी काय करावं? पहिलं, हातावरचं प्रत्येक पुरळ अॅलर्जीचं नसतं. सतत पाण्या-साबणात राहून कुणाचीही कातडी फुटते. ते जास्त आढळतं. खरूज आणि नायटाही असतोच, आणि ते संसर्गानं पसरतात. फरक डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुसरं, दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं परस्पर लावू नका. ती खाज दाबतात, कारण तसंच राहतं आणि कातडी पातळ होते. तिसरं, डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. चौथं, नवं क्रीम वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा थोडं लावून पाहा. धुण्याच्या वस्तूंवर मात्र हा प्रयोग नको. पाचवं, ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’ या शब्दांवर विसंबू नका. बाटलीत पाणी असेल, तर ते टिकवणारं काहीतरी असणारच.

सहावं, मागची बारीक अक्षरं वाचा. ज्याच्या शेवटी ‘थायझोलिनोन’ येतं, ते या कुटुंबातलं. ‘डीएमडीएम हायडॅन्टॉइन’, ‘क्वाटर्नियम-१५’, ‘इमिडाझोलिडिनिल युरिया’ ही दुसऱ्या घराण्याची नावं. त्यांतून फॉर्माल्डिहाइड हळूहळू सुटतं आणि त्याचीही अॅलर्जी होते. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी छापणं बंधनकारक आहे. भांड्यांचं लिक्विड हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, त्यामुळे त्याच्या बाटलीवर हे नाव सापडेलच असं नाही. युरोपात धुण्याच्या द्रवांवरही परिरक्षकाचं नाव छापावं लागतं, प्रमाण कितीही कमी असो. आपल्याकडेही तसं व्हायला हवं.

आणि ते वाचता येईल अशा लिपीत हवं. माझी आपा मराठी वाचते, उर्दू वाचते. इंग्रजीतली ती मुंगीएवढी अक्षरं तिच्यासाठी नसल्यासारखीच. चार घरची भांडी घासणाऱ्या बायांचे हात दिवसाचे कितीतरी तास त्या फेसात असतात आणि बाटलीही त्यांच्या निवडीची नसते. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचे हात एकदा नीट बघा. सोलवटले असतील, तर वडी आणून द्या, डॉक्टरांना दाखवा, आणि अॅलर्जीचं पुरळ स्पर्शानं पसरत नाही हेही घरात सर्वांना सांगा.

पुढच्या ईदला पळी पुन्हा आपाच्या हातात होती. हातांवर मेंदी होती, घरी वाटलेल्या पानांची. तिनं शिरखुर्म्याची पहिली वाटी शेजारणीकडे स्वतः नेऊन दिली. शेजारणीनं वाटी घेतली आणि आधी आपाचे हात हातात धरले.