माळ्यावरचा स्पेक्ट्रम

दिवाळीची आवराआवर चालली होती. भाची माळ्यावरून ओरडली, "आत्या, हा कीबोर्ड भंगारात देऊ?" खाली आला तो आमचा स्पेक्ट्रम. अंगावर आईनं क्रोशानं विणलेलं कव्हर तसंच!

मैत्रिणींनो, तो नुसता कीबोर्ड नव्हे, त्याच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं 1982 मध्ये स्पेक्ट्रम आणला. आपल्याकडे त्याचा 'प्लस' अवतार डेसिबल्स कंपनीनं परवान्यानं 1986 मध्ये काढला. बाबांनी फंडातून कर्ज काढून तो दादासाठी घेतला. हो, दादासाठीच. मला "हात लावू नकोस, बिघडेल" अशी ताकीद होती. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायला मात्र मी चालायची!

त्याची मेमरी 48 केबी. मोबाईलवर रोज येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही बहुधा त्यात मावायचा नाही. पडदा म्हणजे घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट. 'जे'चं बटण दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, मग टेपरेकॉर्डर सुरू करायचा. कर्कश किरकिर, पडद्याच्या कडेला थरथरत्या पट्ट्या. (आमचा टीव्ही कृष्णधवल. त्या पट्ट्या रंगीत असतात हे मला फार उशिरा कळलं!) चार-पाच मिनिटं सगळ्यांनी श्वास रोखायचा आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर'. की पुन्हा पहिल्यापासून.

इथं माझा नंबर लागला. टेपरेकॉर्डर आईचा, भावगीतांचा, त्यामुळे त्याला हात लावायची मला मुभा. बारक्या स्क्रू ड्रायव्हरनं हेड किंचित फिरवलं की आवाज खणखणीत होई. नुसत्या किरकिरीवरून मी सांगायची, "दादा, हे नाही होणार." आणि नाहीच व्हायचं! पुढे बँकेत नोकरीला लागले, टेबलावर कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्या बिचकल्या. मला भीती वाटली नाही.

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय आहे, पाहिलंय ना? कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जिवापाड जमवली. लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू आज काचेआड आहेत. तिकडे केंब्रिजच्या 'सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी'त तर असे जुने कॉम्प्युटर चालू ठेवलेत, लोक त्यांवर खेळतातही. पण टेपरेकॉर्डर, वायर, कॅसेटी नसतील तर हा डबा मुका. अडकित्ता ठेवला आणि पानाचा डबा फेकला, तसंच ते!

म्हणून मी सगळं एकत्र ठेवलं. कॅसेटी उभ्या, उन्हापासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब. दादाची वही, आणि आईचं कव्हरसुद्धा. तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर हौसेनं लगेच प्लग लावू नका. याचा अ‍ॅडाप्टर नऊ व्होल्टचा, पण पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन. आजचे बरेच अ‍ॅडाप्टर उलटे असतात, चुकीचा लावला तर आतलं जळायचं. जुना असला तरी आधी जाणकाराला दाखवा.

रात्री दादाला फोन केला. तो आधी गप्पच. मग म्हणाला, "चालू होतो का गं?"

"अजून लावला नाही. आधी अ‍ॅडाप्टर तपासून घेते," मी म्हटलं. "तू ये. 'जे' तू दाब, टेप मी लावते."