लडीचा गुंता होण्याआधी
१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तरी तिथल्या घरातली मराठी टिकली, तसं लग्नातलं रुखवतही टिकलं. त्यात मॅटी कापडावर क्रॉस स्टिचने भरलेला मोर किंवा गणपती मांडला, की पाहुणे वरची बाजू बघतात. जाणती बाई कापड उलटून बघते. पाठ साफ असेल, तर त्याचं निम्मं श्रेय दोरा सांभाळण्याला द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अँकर असो की फ्रान्सची १७४६ पासूनची डीएमसी, साध्या सुती लडीत आठ मीटर दोरा असतो, सहा पदरी. कागदी पट्ट्या आधी काढायच्या नाहीत. दोऱ्याचं मोकळं टोक शोधून हळूच ओढायचं. बरोबर टोक हाती आलं तर लड अडखळत नाही. साधारण हातभर, म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर, तुकडा कापायचा. त्याहून लांब घेतला तर कापडातून पुन्हा पुन्हा जाताना दोरा पिंजतो, त्याची चकाकी जाते. एका लडीतून असे सतरा तुकडे निघतात आणि दोन-दोन पदरांनी भरलं तर एकावन्न वेळा सुई ओवता येते.

सगळ्यात जास्त घाई होते ती पदर सोडवताना. दोन पदर हवेत म्हणून दोन्ही एकदम ओढले, की गुंता झालाच. तुकडा चिमटीत सैल धरून एकच पदर सरळ वर ओढावा. खाली उरलेले पाच गोळा होतात, पण एका हाताने निरपले की पुन्हा सरळ. मग दुसरा पदर काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओवावेत. अशी जोडी कापडावर पसरून बसते, फुली भरीव दिसते.

भरताना सुई बोटांत नकळत फिरते आणि दोऱ्याला पीळ चढतो. अधूनमधून सुई सोडून लोंबू द्यावी, पीळ आपोआप उतरतो.

सौंसर भागात हातमाग ओळखीचा आहे. विणकर ताण्याचे धागे एकाआड एक वर-खाली घेऊन त्यांची फुली राखतो. ती सुटली तर धाग्यांचा क्रम हरवतो. भरतकामात हे काम पुठ्ठा करतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी खाचा पाडायच्या, लड सैलसर गुंडाळून टोक खाचेत अडकवायचं आणि वर रंगाचा नंबर लिहायचा. नंबर हरवला, की तोच हिरवा पुन्हा मिळवायला दुकानात लडीवर लड उघडावी लागते. उरलेल्या तुकड्यांसाठी भोकं पाडलेली वेगळी पट्टी ठेवावी. आणि लाल दोरा भरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघावा. रंग उतरला, तर तो मोराच्या अंगावर नको.