सील बदललं, वजन सरकलं

1970च्या दशकातला शेव्हरोलेचा पिकअप ट्रक. इंजिन थकलेलं, म्हणून मालकानं 1990च्या आसपासचं, त्याच घराण्यातलं ‘स्मॉल ब्लॉक’ आणलं. 1955 साली बाजारात आलेल्या या व्ही-8 घराण्याची मोठी सोय अशी, की गिअरबॉक्स जोडायची भोकं पिढ्या बदलल्या तरी जागची हलली नाहीत. दोन्ही इंजिनं 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरची. सगळं जमल्यासारखं वाटतं. मग जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकवर चढवायला जावं, तर बोल्टच जुळत नाहीत!

1985पर्यंत क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील दोन अर्ध्या तुकड्यांचं असे, आणि सांध्यातून तेल झिरपे. 1986पासून अखंड सील आलं. पण अखंड कडं सरकवायचं तर त्याच्या आतली, क्रँकच्या टोकाची फ्लँज गोल गुळगुळीत हवी. जुन्या फ्लँजला तर तोल राखणारा धातूचा जादा भाग होता. तो काढला. सहा बोल्टांचं वर्तुळही 3.58 इंचांवरून 3 इंचांवर आलं. मग ते वजन गेलं कुठे? फ्लायव्हीलच्या एका बाजूला! ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीवर या वजनाची वेल्ड केलेली पट्टी उघड दिसते. गळती थांबवण्यासाठी चाक मुद्दाम एकांगी केलं. एकटं फिरवलं तर ते थरथरेल, क्रँकला जोडलं की शांत. मला तर ही युक्ती सीलपेक्षा भारी वाटते.

आता कुणी चुकीच्या वजनाचं फ्लायव्हील कसंबसं बसवलंच, तर? केंद्रापासून 10 सेंटीमीटरवर फक्त 100 ग्रॅम जास्त आहेत असं धरा. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर ते जवळपास 100 किलो वजनाइतक्या जोरानं बाहेर ओढतात, आणि ती ओढ सेकंदाला 50 वेळा गोल फिरते. बेअरिंगांनी ते किती दिवस सोसायचं?

याच घराण्यातल्या 400 घनइंची भावंडाला तर क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरवरही असंच जादा वजन लागतं, त्यामुळे 350चा बॅलन्सर तिथे चालत नाही.

वजन जुळलं तरी दाते उरतातच. फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टरसाठी 153 किंवा 168 दाते असतात. स्टार्टरचे दोन बोल्ट पहिल्याला सरळ ओळीत, दुसऱ्याला तिरपे. म्हणून जुना स्टार्टर लावण्याआधी दाते मोजून घ्यावेत. चाकावर खडूची खूण करून सुरुवात केली की मोजदाद चुकत नाही.