लोणारचे विवर

तारनाक्याला भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शेजारी राहूनही लोणार म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, असेच मी समजत होतो. आजी सांगे, लवणासुर जमिनीखाली दडला होता. विष्णूने वरचे झाकण उडवले. जुन्या अनेक विद्वानांचा कलही ज्वालामुखीकडेच होता. परवा बुलढाणा जिल्ह्यात जाऊन काठावर उभा राहिलो. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खोलगा पाहून मलाही तसेच वाटले. पण प्रचंड आघातानेच बनणारी काच येथील बेसाल्टात सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि विवर उल्कापाताचे ठरले. तळ्याचे पाणी खारे, काठावरच्या धारेचे मात्र गोडे. आजी असती तर म्हणाली असती, “मारणारा वरूनच आला होता ना?”