पोथी आणि कलम : व्हिटली स्टोक्स यांचे दुहेरी काम

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातला हस्तलिखितांचा सरकारी संग्रह, न वटलेल्या चेकवरून दाखल होणारा खटला आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे आयरिश काव्य, या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येणार नाही. संबंध आहे, आणि तो व्हिटली स्टोक्स (1830-1909) या डब्लिनच्या माणसामुळे आहे. भारतातल्या कायद्याच्या इतिहासात ते व्हाइसरॉयच्या मंडळातले विधी सदस्य म्हणून ओळखले जातात, तर आयर्लंडमध्ये प्राचीन आयरिश साहित्याचे एक आद्य संपादक म्हणून. दोन्हीकडचे लोक दुसऱ्या बाजूचा उल्लेख एका ओळीत उरकतात. कायदा हे पोटापाण्याचे काम आणि आयरिश हा फावल्या वेळचा छंद, अशी सरळ वाटणी केली जाते. ही वाटणी सोयीची असली तरी पुराव्याला धरून नाही. विखुरलेले मजकूर गोळा करायचे, ताडून पाहायचे आणि दुसऱ्याला तपासता येतील अशा रूपात छापायचे, ही एकच सवय त्यांच्या दोन्ही कारकिर्दींच्या मुळाशी होती.

त्यांचे वडील विल्यम स्टोक्स हे नामांकित वैद्य होते. 'चेन-स्टोक्स श्वसन' हे नाव डॉक्टरांना आजही परिचित आहे, त्यातले स्टोक्स ते हेच. जॉर्ज पेट्री, जॉन ओडोनोव्हन, युजीन ओकरी अशा आयरिश पुरातत्त्व आणि पोथ्यांच्या जाणकारांशी या घराण्याचा स्नेह होता. बहीण मार्गारेट पुढे प्राचीन आयरिश कलेची अभ्यासक झाली. ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना स्टोक्स यांना आयरिशचे वेड होतेच, पण त्याला शिस्त लागली ती जर्मनीतून आलेल्या भाषाशास्त्रामुळे. 1853 मध्ये योहान कास्पर झॉइस या बव्हेरियन पंडिताने केल्टिक भाषांचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि आयरिश ही संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुळातली भाषा म्हणून पद्धतशीर अभ्यासता येते हे ठसठशीतपणे दाखवले. ट्रिनिटीतल्या रुडॉल्फ झीगफ्रीड यांच्याकडून स्टोक्स यांना संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राची दिशा मिळाली असावी. 1855 मध्ये लंडनला बॅरिस्टर झालेले स्टोक्स 1862 मध्ये मद्रासला उतरले, तेव्हा आयरिश टिपणांवरचे त्यांचे पुस्तक छापून झाले होते.

ही टिपणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्यांच्या कामाची किंमत कळत नाही. प्राचीन आयरिश भाषेचा सर्वांत भरवशाचा पुरावा आयर्लंडमध्ये नाही; तो व्यूर्ट्सबुर्ग, मिलान, ट्युरिन आणि स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन इथल्या ग्रंथालयांत आहे. सेंट गालेनला प्रिशियनच्या लॅटिन व्याकरणाची नवव्या शतकातली एक प्रत आहे. लॅटिन शिकणाऱ्या आयरिश भिक्षूंनी तिच्या ओळींच्या मध्ये आणि समासात बारीक अक्षरात आयरिशमधून अर्थ लिहून ठेवले. अशी आयरिश टिपणे तीन हजारांहून अधिक आहेत. मध्येच कुणी लेखनिक वाईट शाईबद्दल कुरकुरतो. आयरिश वीरकथा ज्या पोथ्यांत सापडतात त्या बहुतेक बाराव्या शतकातल्या किंवा नंतरच्या. प्रत्येक नकलेत जुन्या भाषेत नव्या भाषेची सरमिसळ होत गेली. समासातली टिपणे मात्र ज्या काळात लिहिली गेली त्याच काळाची भाषा जशीच्या तशी दाखवतात. म्हणून कुठलीही कथा किती जुनी हे ठरवण्याची कसोटी या टिपणांतून मिळते. जॉन स्ट्रॅकन यांच्यासह स्टोक्स यांनी ती सारी 1901 ते 1903 दरम्यान दोन जाडजूड खंडांत एकत्र केली.

या खंडांची पूर्वतयारी बऱ्याच अंशी भारतात झाली. जुन्या टिपणांचा संग्रह कलकत्त्यात 1866 मध्ये छापला गेला. कॉर्मकच्या नावावर असलेल्या मध्ययुगीन शब्दकोशाचे ओडोनोव्हन यांनी केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर पडून राहिले होते. स्टोक्स यांनी ते दुरुस्त्यांसह 1868 मध्ये कलकत्त्यातूनच प्रसिद्ध केले. तीन मध्ययुगीन आयरिश प्रवचने 1877 मध्ये आली, तीही तिथूनच. मांडणी बहुधा ठरलेली असे : मूळ पाठ, समोर किंवा खाली शब्दशः भाषांतर, टीपा आणि शेवटी शब्दसूची. ओएंगस या भिक्षूने सुमारे 800 साली रचलेल्या संतांच्या काव्यमय पंचांगात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक कडवे आहे. त्याची संपादित आवृत्ती त्यांनी 1880 मध्ये काढली आणि पंचवीस वर्षांनी, वयाच्या पंचाहत्तरीत, दहा हस्तलिखिते ताडून ती नव्याने केली. स्वतःचेच काम अपुरे ठरवून पुन्हा हाती घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता कायद्याकडे पाहू. विधी खात्याचे सचिव आणि 1877 ते 1882 विधी सदस्य या नात्याने स्टोक्स यांच्या हातून कायद्यांचे अनेक मसुदे गेले. 1879 च्या विधी आयोगावर त्यांच्याबरोबर चार्ल्स टर्नर आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश रेमंड वेस्ट होते. या मसुद्यांतून झालेल्या कायद्यांपैकी पराक्राम्य संलेख अधिनियम 1881 चा, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि न्यास अधिनियम 1882 चे. तिन्ही दुरुस्त्यांसह आजही चालू आहेत. चेकच्या खटल्यांमुळे घराघरांत पोहोचलेले पराक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 138 मात्र मूळ कायद्यात नव्हते, ते 1988 मध्ये घातले गेले. या संहितांमागची अडचण पोथ्यांच्या अडचणीसारखीच होती : नियम होते, पण ते इंग्लंडमधले निवाडे, स्थानिक चालीरीती आणि वेगवेगळे विनियम यांत पसरलेले. ते एका जागी आणून, आधी संज्ञांच्या व्याख्या देऊन, क्रमांकवार कलमांत बसवायचे होते. ही शैली स्टोक्स यांनी शोधली नाही, ती मेकॉलेपासून चालत आली होती. पण निवृत्तीनंतर 1887-88 मध्ये त्यांनी याच संहितांची टीपांसह दोन खंडांत आवृत्ती काढली, तेव्हा कायद्यालाही त्यांनी संपादकाच्याच नजरेने हाताळले.

केवळ साम्य म्हणजे संबंध नव्हे, असा आक्षेप इथे येईल, आणि तो रास्त आहे. छंद जोपासणारे इंग्रज अधिकारी तेव्हा पुष्कळ होते. पण 1868 ची घटना या आक्षेपाला पुरून उरते. त्या वर्षी लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी संस्कृत ग्रंथांचा शोध घेऊन याद्या कराव्यात अशी विनंती सरकारला केली. तिच्यावर सिमल्याहून सविस्तर योजना लिहिली ती स्टोक्स यांनी : खाजगी संग्रहांच्या याद्या मिळवाव्यात, त्या एकाच नमुन्यात छापून अभ्यासकांना पाठवाव्यात, पोथ्या विकत घ्याव्यात, विकाऊ नसतील त्यांच्या नकला कराव्यात. संस्कृत पोथ्यांबद्दलची ही योजना त्यांच्या सरकारी कामाचा भाग नव्हती, पण तिला सरकारी बळ मिळाले. मुंबई इलाख्यात गेओर्ग ब्यूलर आणि फ्रान्झ कीलहॉर्न, पुढे रा. गो. भांडारकर आणि पीटर पीटर्सन यांनी हा शोध चालवला. जमलेला संग्रह डेक्कन कॉलेजात होता, तो 1918 मध्ये भांडारकर संस्थेकडे आला. याच संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पुरी केली. तिचे श्रेय स्टोक्स यांना देणे अतिशयोक्ती होईल. पण पोथ्या आधी हुडकून नोंदवाव्या लागतात, हे त्यांनी आयरिशच्या अनुभवावरून ओळखले होते असे म्हणायला जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. आयर्लंडही ब्रिटिशांच्या अंमलाखाली असताना तिथला माणूस भारतात राज्यकर्त्यांचे कायदे लिहीत होता. पोथ्यांच्या याद्या करणे हेही सत्तेचेच एक अंग होते, आणि ब्यूलर यांनी मिळवलेल्या काही पोथ्या युरोपात गेल्या हे खरे आहे. हे नाकारून स्टोक्स यांना थोर ठरवायची गरज नाही. उलट, हे मान्य केल्यावरच या योजनेत इतरांचा वाटा किती होता ते दिसते : मागणी एका भारतीय पंडिताची होती, नकला करणारे हात इथल्या शास्त्री-लेखनिकांचे होते. सत्तेने पैसा आणि हुकूम दिला. स्टोक्स यांनी पद्धत दिली, आणि पद्धत ज्याने दिली त्याच्याच मालकीची राहत नाही. भांडारकरांनी ती सहज आपलीशी केली आणि युरोपीय पंडितांशी बरोबरीच्या नात्याने वाद घातले.

तिसरा आक्षेप आयर्लंडमधून येतो : बोलल्या जाणाऱ्या भाषेकडे पाठ फिरवून मेलेल्या भाषेचे स्वर-व्यंजन मोजणे कोरडे काम आहे. 1845 पासूनच्या भीषण दुष्काळानंतर आयरिश बोलणारे झपाट्याने घटत होते, आणि भाषा जगवण्यासाठी 1893 मध्ये डग्लस हाइड आदींनी गेलिक लीग उभी केली, तेव्हा स्टोक्स लंडनमध्ये आपल्या सूच्यांत गढलेले होते. त्यांच्या जिभेला धारही होती. सहकाऱ्यांच्या चुका ते निर्दयपणे चव्हाट्यावर आणत. रॉयल आयरिश अकादमीने काढलेल्या हस्तलिखितांच्या प्रतिकृतींतल्या चुका दाखवणारी एक पुस्तिका त्यांनी 1875 मध्ये थेट सिमल्यातून छापली. हा कडवटपणा टाळता आला असता. तरीही अभिमानाने भाषा बोलणारे वाढतात, जुना मजकूर खरा कोणता हे मात्र अभिमानाला ठरवता येत नाही. आयर्लंडचे प्राचीन साहित्य इंग्रजी काव्याच्या धुरकट अनुकरणांतून जगापुढे येत होते त्या काळात स्टोक्स यांनी अभ्यासकांच्या हातात मूळ पाठच ठेवला.

संपादकाचे काम कधी पुरे होत नाही. स्टोक्स यांची अनेक भाषांतरे आज जुनी झाली, त्यांनी लावलेले कित्येक अर्थ पुढच्या पिढीने बदलले. पण ते बदलता आले याचे कारण त्यांनी पाठभेद आणि शब्दसूच्या उघड मांडल्या होत्या. अकादमीचा आयरिश कोश 1913 ते 1976 अशा सहा दशकांत निघाला, त्याला अशाच छापील आवृत्त्यांचा आधार होता. जे मसुदे कायदे झाले त्यांचेही तेच : विधिमंडळाने कलमे जोडली, वगळली, तरी चौकट टिकली. दुसऱ्याला चूक काढता येईल इतके काम स्वच्छ करून ठेवणे, हीच विद्वत्तेची कसोटी मानली तर स्टोक्स तिला दोन्ही ठिकाणी उतरतात. म्हणूनच त्यांच्या आयुष्याची 'नोकरी' आणि 'छंद' अशी वाटणी करण्यात अर्थ नाही.