भगिनींचा बचत गट : व्याजाविना पुंजी कशी उभी राहते?

मालेगाव-भिवंडीत कांड्या भरणाऱ्या, सोलापुरात विड्या वळणाऱ्या, मुंब्रा-गोवंडीत जरी व शिलाईचे काम करणाऱ्या आपल्या भगिनी दिवसभर राबतात. हात कसबी आहेत, मालाला गिऱ्हाईक आहे, तरी घरात बरकत दिसत नाही. याचे कारण आळस नव्हे, पुंजीचा अभाव होय. कापड, दोरा, मणी सर्व काही काम देणाऱ्याचे; तिच्या वाट्याला फक्त नगावरची मजुरी. आजारपण किंवा शाळेची फी आली की दागिना गहाण पडतो, नाहीतर सावकाराचे दार गाठावे लागते. २००६ साली सच्चर समितीने हेही नमूद केले की काही बँका ठराविक वस्त्या कर्जासाठी जवळजवळ वर्ज्य ठरवतात. अशा वेळी पुंजी मोहल्ल्यातच उभी करणे, हा एक मार्ग उरतो.

गट म्हणजे काय?

एकमेकींना ओळखणाऱ्या १० ते २० भगिनी दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात आणि त्यातूनच गरजू सदस्येला कर्ज देतात, हाच बचत गट. नाबार्डने १९९२ साली असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. गटाची नोंदणी झालेली नसली तरी बँकेत गटाच्या नावे बचत खाते उघडता येते आणि त्यासाठी पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे पुरतात. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री होय.

आता हिशेब पाहू. समजा, १५ भगिनी दरमहा १०० रुपये टाकतात. सहाव्या महिन्यात ९,००० रुपये होतात. त्यातून एकीला शिलाई मशीन मिळाले व तिने दरमहा ७५० रुपयांचा हप्ता दिला, तर सर्वांची बचत धरून महिन्याला २,२५० रुपये जमतात. चार महिन्यांत दुसरे मशीन येते. दोघींचे हप्ते सुरू झाले की तिसरे तीनच महिन्यांत. या हिशेबात व्याजाचा एक पैसाही नाही. मात्र एकीने हप्ता थकवला तर पुढचीचे मशीन लांबते, हे प्रत्येकीला ठाऊक असले पाहिजे.

व्याजाचा प्रश्न

बहुतेक गट आपसातील कर्जावर दरमहा व्याज घेतात. पण तशी सक्ती नाही. आपले नियम गट स्वतः ठरवतो. वह्या, झेरॉक्स, बँकेची ये-जा यांचा खर्च वर्षाला ६०० रुपये आला, तर तो १५ जणींत प्रत्येकी ४० रुपये वाटून घ्यावा. कर्ज घेतलेली असो वा नसो, रक्कम तीच. त्यामुळे हा कर्जावरचा मोबदला होत नाही. बचत खात्यावर बँक जे व्याज जमा करते, ते वहीत वेगळे लिहावे व त्याचे काय करावे हे आलिमांना विचारावे. बँकेकडून कर्ज घेतल्यास व्याज येणारच. ते टाळायचे असेल तर वाढ सावकाश होईल, हेही आधीच समजून घ्यावे.

सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, तशीच अडचणीतील कर्जदाराला मुदत देण्याची शिकवणही आहे. ‘सगळ्या आपल्याच आहेत’ म्हणून वही कोरी ठेवणारे गट टिकत नाहीत.

दोन ‘गटां’तील फरक

आज अनेक मोहल्ल्यांत मायक्रोफायनान्स कंपन्यांचे वसुली करणारे येतात. तेही ‘गट’ म्हणतात, पण तिथे पैसा कंपनीचा असतो, व्याज कंपनीला जाते आणि एकीचा हप्ता चुकला की दबाव बाकीच्यांवर येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कर्जांना तारण मागता येत नाही, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत आणि मुदतीआधी फेड केल्यास दंड लावता येत नाही. सही करण्यापूर्वी पैसा कोणाचा, हा प्रश्न अवश्य विचारावा.

अहमदाबादचा दाखला

पुंजी आली तरी कामाचा भाव कोण ठरवतो, हा प्रश्न उरतोच. अहमदाबादच्या दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बहुसंख्य मुस्लिम भगिनी होत्या. इलाबेन भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेमार्फत त्यांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी काम देणेच थांबवले. मग त्यांनी स्वतः चिंध्या घेऊन उत्पादन सुरू केले आणि त्यातून ‘सबीना’ ही सहकारी मंडळी उभी राहिली. पाठीशी १९७४ साली ४,००० भगिनींनी प्रत्येकी १० रुपये भाग घालून स्थापन केलेली सेवा बँकही होती. एकेकटी बाई भाव मागू शकत नाही; संघटित बायका मागू शकतात.

व्यापारी बांधवांनो!

या दाखल्यात एक बाजू आपलीही आहे. ज्या भगिनी आपल्या दुकानाचा माल तयार करतात, त्यांच्या गटाला थेट ऑर्डर द्या. मधला दलाल वगळल्याने वाचलेल्या रकमेतला हिस्सा मजुरीत घाला. दर कागदावर लिहून द्या आणि पैसे ठरल्या दिवशी चुकते करा. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची आपल्याला शिकवण आहे. कच्चा माल घाऊक भावात मिळवून द्या, हिशेबाची वही कशी ठेवावी हे आपल्या मुनीमाकडून शिकवा. जकातीस पात्र भगिनीला दरमहा थोडे थोडे देण्याऐवजी एकदाच मशीन देता येईल का, याचाही आलिमांच्या सल्ल्याने विचार व्हावा.

गट एका वर्षात गरिबी हटवीत नाही. परंतु घरातला दागिना सावकाराकडे जाण्यापासून वाचला, तरी ती पहिली पायरी चढली असे समजावे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या गल्लीतील दहा भगिनी एक वही घेऊन एकत्र बसल्या, तर इन्शाअल्लाह सुरुवात झालीच.