नमुना बरोबर, तर अहवाल बरोबर

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकसारखा शिजलेला असतो. बोअरच्या पाण्याचे तसे नसते. पाइपात रात्रभर साचलेले पाणी वेगळे, टाकीतले वेगळे आणि जमिनीतून नुकते आलेले वेगळे. प्रयोगशाळा मात्र हाती आलेली बाटलीच तपासते. म्हणून पाणी तपासायला देण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते ठरवावे.

बोअरचे पाणी तपासायचे तर पंप पाच-दहा मिनिटे चालू ठेवून टाकीच्या आधीच नमुना घ्यावा. घरात पिण्याचे पाणी तपासायचे तर स्वयंपाकघरातला नळ. बोअरच्या नमुन्यात जंतू नाहीत आणि नळाच्या नमुन्यात आहेत, तर दोष टाकीत किंवा पाइपात शोधावा.

क्षार, फ्लोराइड व नायट्रेटसाठी लिटरभराची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी. शीतपेयाची जुनी बाटली नको.

जंतूंच्या तपासणीचे नियम नेमके उलटे. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली विसळायची नाही. तिच्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करते. ते वाहून गेले तर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाची जाळी काढावी, तोंड स्वच्छ पुसावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नये. बाटलीत थोडी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे तपासण्यापूर्वी पाणी नीट हलवता येते. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. उशीर झाला तर जंतूंची संख्या बदलते.

बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि पाण्यात क्लोरीन घातला आहे का, हे लिहावे.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच सापडता कामा नये. वरचे दूध पिणारे तान्हे बाळ घरात असेल, तर नायट्रेटचा आकडा अवश्य पाहावा. जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण वाढतेच.

पावसाळ्यानंतर भूजल बदलते. त्यामुळे एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यानंतर, त्याच जागेचा, त्याच पद्धतीने नमुना घ्यावा. तरच दोन अहवालांची तुलना करता येईल.